परतीचा पाऊस थांबत नसताना भातकापणी कशी उरकावी?

प्रश्न रत्नागिरीतल्या राजापूर तालुक्यातील एका घरचा आहे. पस्तीस गुंठे शेत, घरी वयस्क आईवडील, आणि कापणीसाठी आठ दिवसांची रजा काढून मुंबईहून आलेले दोघे भाऊ. वीस गुंठ्यांतील हळवे, म्हणजे लवकर येणारे, भात पिकून पिवळे झाले आहे, पंधरा गुंठ्यांतील निमगरवे, म्हणजे मध्यम मुदतीचे, अजून हिरवट आहे, आणि रोज दुपारनंतर पाऊस येतो. काका म्हणतात, रजा आहे तोवर सगळे कापून आडवे करा, ऊन पडेल तसे वाळेल. शेजारी म्हणतात, पाऊस जाईपर्यंत विळा लावू नका. कोणाचे ऐकावे?

माझे उत्तर असे, की काकांचे मुळीच ऐकू नये आणि शेजाऱ्यांचे हळव्या भातापुरते ऐकू नये. रोज तेवढेच कापावे जेवढे त्याच दिवशी झोडून घरातल्या जमिनीवर पसरता येईल. शेत किती आहे आणि हाताशी माणसे किती आहेत, यापेक्षा अशा वर्षी पडवी आणि ओटी किती मोठी आहे, यावर कापणीचा वेग ठरतो. हे ऐकायला विचित्र वाटते, म्हणून त्याची कारणे जरा विस्ताराने सांगतो.

उभ्या पिकाची लोंबी खाली झुकलेली असते. पाऊस पडला की पाणी तिच्यावरून निथळून जाते आणि नंतर वारा लागला तर तासा-दोन तासांत दाण्याचे टरफल कोरडे होते. तेच भात कापून खाचरात आडवे पसरले, की वरून पाऊस आणि खालून ओली जमीन अशा दोन्ही बाजूंनी ते भिजत राहते, वारा त्याच्या पोटात शिरत नाही, आणि दाण्याला रुजायला लागणारे सगळे काही, म्हणजे ओल, ऊब आणि मातीचा स्पर्श, आयतेच मिळते. हळव्या जातींपैकी पुष्कळांच्या दाण्याला सुप्तावस्था जवळजवळ नसते, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या दिवशी पेंढी उचलून पाहिली तर दाण्याच्या टोकाला पांढरा कोंब दिसतो. 2019 साली मोसमी पाऊस देशातून परतायला लागला तोच मुळी 9 ऑक्टोबरला, आणि दिवाळीच्या तोंडावर अरबी समुद्रात क्यार चक्रीवादळ उठले. ते आपल्या किनाऱ्याला धडकले नाही, समुद्रातूनच पश्चिमेकडे गेले, पण जाता जाता चार दिवस जो पाऊस देऊन गेले त्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गात कापून ठेवलेली भाते शेतातच रुजली. आमच्या वाडीत त्या वर्षी ज्यांचे भात उभे होते त्यांचे काही आडवे झाले, काही झडले, पण खाण्यापुरते हाती आले. ज्यांनी मजूर मिळाले म्हणून एका दिवसात सगळे कापून टाकले होते, त्यांना पेंढ्या उचलताना हिरवी लव दिसली.

दुसरे कारण डोळ्यांना दिसत नाही, ते गिरणीत कळते. कापलेले भात दोन दिवस उन्हात चांगले वाळले आणि मग भिजले, तर कोरडा दाणा पाणी झपाट्याने ओढतो, बाहेरचा थर फुगतो, आतला तसाच राहतो आणि दाण्याला आडव्या चिरा जातात. भात वरून चांगले दिसते, पण भरडले की निम्मी कणी पडते. उभ्या, अजून ओलसर असलेल्या दाण्याला पावसाने एवढी इजा होत नाही. म्हणून ‘दोन दिवस ऊन लागले आहे, आता एक सर आली तर काय बिघडते’ हा हिशेब चुकीचा आहे. अर्धे वाळलेले भातच पावसाला सर्वांत जास्त भिते.

आता शेजाऱ्यांच्या सल्ल्याकडे वळू. भात फुलोऱ्यावर आल्यापासून साधारण तीस दिवसांनी कापणीला येते, आणि लोंबीतले ऐंशी ते नव्वद टक्के दाणे पिवळे झाले, देठाकडचे थोडेच हिरवट उरले, की ते पिकले असे समजावे. त्या वेळी दाण्यात वीस ते चोवीस टक्के ओल असते. त्यापुढे उभे ठेवले तर दाणे झडतात, ताट कमकुवत होऊन वाऱ्याने लोळते, आणि लोळलेल्या भाताची लोंबी पाण्यात पडली की ती उभी राहिली काय नि कापली काय, सारखीच. त्यात आपल्याकडे रात्री रानडुकरांचा कळप येऊन गेला तर उरलेसुरले तुडवले जाते. म्हणून तुमचे वीस गुंठ्यांतले हळवे आता थांबवण्यात अर्थ नाही. निमगरव्याला मात्र हात लावू नका. हिरव्या दाण्याचे भात कापले तर पोल, म्हणजे पोकळ दाणा, जास्त निघतो, तांदूळ खडूसारखा पांढरा आणि ठिसूळ पडतो. रजा संपते म्हणून पीक लवकर पिकत नाही. ते पंधरा गुंठे सावडीने (एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबून) किंवा मजुरीने पुढे कापून घेण्याची व्यवस्था आताच बोलून ठेवा, कारण दिवाळीनंतर गावात माणूस मिळणे कठीण होते.

आज सकाळीच करण्याचे काम म्हणजे पाण्याला वाट देणे. एरवी कापणीच्या आठ-दहा दिवस आधी खाचरातले पाणी सोडून द्यायचे असते. ते झाले नसेल तर आता सर्वांत खालच्या मेरेला (बांधाला) तोंड पाडा आणि मग एकेक करून वरच्या मेरांना. उलट क्रमाने केले तर वरचे पाणी खालच्या दळ्यात (खाचराच्या तुकड्यात) साचून तिथले भात आडवे होते. ज्यांचे शेत खाडीकाठी खाजणात, म्हणजे बांध घालून मिळवलेल्या खारजमिनीत, आहे त्यांनी उघाडीचे (बांधातल्या पाणी सोडण्याच्या झडपेचे) दार वेळेवर उघडते की नाही ते स्वतः जाऊन पाहावे. पाणी ओहोटीलाच बाहेर पडते.

मग हवा पाहा. ऑक्टोबरचा पाऊस दोन प्रकारचा असतो आणि दोघांना एकच उपाय चालत नाही. एक घाटाकडून येणारा: सकाळ स्वच्छ, दव पडलेले, दहानंतर कडक ऊन, दुपारी सह्याद्रीच्या डोक्यावर काळे ढग चढतात आणि तीन-चारच्या सुमारास गडगडत खाली उतरतात. दुसरा समुद्राकडून, कमी दाबाच्या पट्ट्याचा: आभाळ सकाळपासून राखाडी, वारा खारट आणि एकसारखा, सरीवर सर, आणि तो तीन-चार दिवस हलत नाही. तुमच्या वर्णनावरून तुमचा पाऊस पहिल्या प्रकारचा आहे, आणि त्यात रोज सकाळचे पाच-सहा तास हाताशी असतात. दुसऱ्या प्रकारचा इशारा असेल, बंदरात बावटा लागला असेल आणि होड्या परतल्या असतील, तर त्या दिवशी विळा खुंटीलाच राहू द्या. हवामान विभागाचा जिल्ह्यासाठीचा कृषी सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, तो मेघदूत अॅपवर मराठीत वाचता येतो. मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख 2020 पासून 8 ऑक्टोबर धरली जाते, आपल्याकडे दक्षिणेत ती थोडी पुढे जाते, पण या तारखा सरासरीच्या आहेत. चित्रा नक्षत्र संपेपर्यंत मी तरी आभाळावर विश्वास ठेवत नाही. ‘पडतील चित्रा तर भात न खाई कुत्रा’ या म्हणीचा अर्थ आमच्या घरात आजोबांपासून एकच घेतला जातो: चित्राच्या पावसात भिजलेले भात इतके बिघडते, की कुत्रेही तोंड लावत नाही.

आता जमिनीचा हिशेब. ओले भात घरात पसरायचे तर थर दोन बोटांपेक्षा, म्हणजे तीन सेंटिमीटरपेक्षा, जाड नसावा. एवढ्या थरात दोनशे किलो भाताला साधारण सव्वाशे चौरस फूट जागा लागते, म्हणजे बारा फूट लांब आणि साडेदहा फूट रुंद पडवी. गुंठ्याला तीस किलोच्या आसपास भात निघते असे धरले, तर हे सात गुंठ्यांचे पीक झाले. तुम्ही दोघे भाऊ, आई आणि सावडीचा एखादा माणूस, असे चौघे मिळून सकाळी सात गुंठे कापून दुपारपर्यंत झोडू शकाल, त्याहून जास्त नाही. पडवी, ओटी आणि माजघर मोकळे केले तर तीन दिवसांच्या कापणीला जागा होते, आणि चौथ्या दिवसापर्यंत पहिले भात थोडे सुकून थर जाड करता येतो. त्यामुळे आठ दिवसांत वीस गुंठे आरामात उरकतात, मध्ये दोन दिवस वाया गेले तरी. वडिलांकडे वाळवणाची जबाबदारी द्यावी. ते बसून करण्याचे काम आहे आणि त्याला शेतातल्या कामापेक्षा जास्त अक्कल लागते.

कापायला दव उतरल्यावर, साडेआठ-नऊच्या सुमारास लागावे. दाते असलेला वैभव विळा वापरा, ओल्या ताटावर साधा विळा घसरतो. एरवी कृषी विद्यापीठाचा सल्ला जमिनीलगत कापण्याचा असतो, कारण धसकटात खोडकिड्याची अळी राहते, आणि तो सल्ला बरोबरच आहे. पण खाचरात चिखल असेल तर मी अर्ध्या उंचीवर कापतो, धसकटे पाऊस गेल्यावर नांगरून टाकतो. चिखलाने माखलेली पेंढी झोडली की दाण्यात खडे आणि माती येते, ती पुढे कितीही वारवली तरी पूर्ण निघत नाही. लोळलेले भात सर्वांत आधी घ्या. ते ज्या बाजूला पडले आहे तिच्या उलट बाजूने शिरून काठीने उचलून कापले तर दाणे कमी झडतात. ज्या लोंब्या पाण्यातच पडल्या आहेत त्या वेगळ्या ठेवा, चांगल्या भातात मिसळू नका. त्यातले रुजलेले दाणे सगळ्या राशीचा वास बिघडवतात. कापलेल्या कवळ्या (छोट्या पेंढ्या) जमिनीवर न ठेवता थेट ताडपत्रीवर किंवा मेरेवर उभ्या टेकवून ठेवाव्यात.

झोडणीसाठी खळ्याची वाट पाहू नका. एरवी आपण पाऊस गेल्यावर खळे चोपण्याने चोपून, शेणाने सारवून करतो, भात उडवीत, म्हणजे पेंढ्यांच्या गंजीत, रचतो आणि सवडीने मळणी करतो. ती रीत कोरड्या ऑक्टोबरची आहे. ओल्या पेंढ्यांची उडवी रचली तर आत वाफ धरते, दाणा पिवळा पडतो आणि पेंढ्याला बुरशी येऊन गुरेही तो खात नाहीत. मांगरात (शेतावरच्या झोपडीत) किंवा मांडवाखाली फळी अथवा दगड ठेवून लगेच झोडा, किंवा पायाने चालवायचे मळणी यंत्र मिळाले तर फारच उत्तम. त्यात पेंढी हातात धरलेली असल्यामुळे ओले गवत अडकत नाही. मोठ्या विजेच्या मळणी यंत्रात ओला पेंढा घातला की ड्रम तुंबतो. ओल्या लोंबीला पाच-दहा टक्के दाणे चिकटून राहतात, त्याची हळहळ करू नका. पेंढ्या कुंपणाला, आंब्याच्या खालच्या फांद्यांना उलट्या टांगून ठेवा आणि ऊन पडेल त्या दिवशी पुन्हा एकदा आपटून घ्या.

घरात आणलेल्या भाताबद्दल मी एक वर्ष फार महाग शिकलो. पाच-सहा पोती झोडली होती, रात्र झाली होती, अंग मोडले होते. प्लास्टिकच्या गोणींत भरून, तोंडे बांधून ओटीवर थप्पी लावली आणि झोपलो. सकाळी मधल्या गोणीत हात घातला तर कोपरापर्यंत ऊब लागली, ताज्या शेणाच्या ढिगात लागते तशी, आणि उघडल्यावर आंबट वास आला. त्या दिवशी पसरले, वाळवलेही, पण तांदूळ पिवळट निघाला आणि शिजवल्यावर वास मारत होता. सगळे कोंबड्यांना गेले. ओले भात श्वास घेत असते आणि कोंडले की तापते. माझे एक नातेवाईक यवतमाळकडे कापूस करतात, ते पावसात भिजलेल्या कापसाविषयीही हेच सांगतात: वेचलेला ओला कापूस गाठोड्यात राहिला की तापतो आणि पिवळा पडतो. म्हणून रात्र कितीही झाली असली तरी भात पसरूनच अंथरुणाला पाठ टेकावी. पहिले दोन दिवस दर दोन तासांनी पायाने चर ओढून परतावे, रात्री निदान दोनदा उठावे.

पंखा लावायचा का, असे पुष्कळजण विचारतात. जरूर लावा, पण त्याची मर्यादा ओळखा. किनाऱ्यावरची हवा या दिवसांत इतकी दमट असते, की नुसत्या वाऱ्याने भात सोळा-सतरा टक्क्यांपर्यंत उतरते आणि तिथेच अडकते. भात बिघडू न देता चार-पाच दिवस धरून ठेवायला एवढे पुरते, साठवायला नाही. साठवणीसाठी तेरा टक्क्यांच्या आसपास यावे लागते आणि त्यासाठी दोन-तीन दिवसांचे ऊन किंवा चुलीवरचा माळा लागतो. ज्यांच्या घरी अजून लाकडाची चूल आणि वर बांबूचा माळा आहे त्यांनी बियाण्यापुरते भात तरी तिथे चढवावे. ऊन पडले की ताडपत्री थेट ओल्या अंगणात अंथरू नका, खालून घाम सुटतो. खाली पेंढा किंवा माडाची झापे टाका. आणि दुपारच्या कडक उन्हात ओले भात न परतता ठेवले तर पुन्हा चिराच जातात, म्हणून अर्ध्या तासाने परतणे चुकवू नये.

वाळले की नाही हे दाताखाली कळते. ओला दाणा चेंगरतो, वाळलेला कट् आवाज करून तुटतो. याहून खात्रीची एक परीक्षा आहे. कोरड्या काचेच्या बाटलीत मूठ-दोन मूठ भात घ्या, त्यात चमचाभर मीठ टाका, झाकण लावून मिनिटभर हलवा आणि थोडा वेळ ठेवा. मीठ काचेला चिकटले तर ओल पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त आहे, भात अजून वाळवा. मीठ सुटे राहिले तर त्याखाली आले आहे. फक्त आपल्याकडे पावसात मीठ स्वतःच ओले असते, तेव्हा ते आधी तव्यावर भाजून गार करून घ्यावे, नाहीतर परीक्षा मिठाचीच होते. भात वाळताना घटते याचाही घोळ होऊ देऊ नका: बावीस टक्के ओलीचे शंभर किलो भात तेरा टक्क्यांवर आले की नव्वद किलोच भरते, त्यात चोरी कोणी केलेली नसते.

ज्या भाताला चिरा गेल्या आहेत असे वाटते, पण कोंब आलेला नाही, त्याचा उकडा तांदूळ करावा. आपल्या घरांत पेजेला उकडाच लागतो, त्यामुळे हा काही कमीपणा नाही. भिजवून उकडताना दाण्यातले पिठूळ सत्त्व शिजून घट्ट होते, चिरा सांधल्या जातात आणि भरडताना कणी कमी पडते. भाताचे तोंड उघडू लागले की उपसावे आणि सावलीत वाळवावे. उकडलेले भातही वाळवावेच लागते आणि ते कच्च्यापेक्षा लवकर आंबते, म्हणून पुढचे दोन दिवस उघाडीचे दिसत असतील तेव्हाच टोप चुलीवर चढवा. कोंब आलेले भात उकडू नका, ते गुराकोंबड्यांचे.

शेतात काम करताना दोन गोष्टी सांभाळा. या दिवसांत खाचरातल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, पायाला जखम किंवा चिखल्या असतील तर गमबूट घाला, आणि कापणीच्या दिवसांत कोणाला ताप, डोळे लाल, पोटऱ्या दुखणे असे झाले तर घरगुती काढ्यात दोन दिवस न घालवता प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन भातकापणी करत होतो हे डॉक्टरांना सांगा. कवळीखाली हात घालण्याआधी काठीने हलवा, कारण फुरसे हा विषारी साप कोरड्या जागेच्या शोधात तिथेच येतो. दुपारी गडगडाट ऐकू आला की विळा खाली ठेवून घर गाठा; उघड्या मळ्यात आपणच सर्वांत उंच असतो.

नुकसान झालेच तर पेंढ्या हलवण्याआधी फोटो काढा आणि तलाठ्याला व कृषी सहायकांना कळवून पंचनाम्याची मागणी करा. पीक विमा उतरवला असेल तर यंदाच्या पावतीवर कापणीनंतरच्या नुकसानीचे संरक्षण आहे का ते वाचा. या तरतुदी बदलत आल्या आहेत, गेल्या वर्षी मिळाले म्हणून यंदाही मिळेल असे धरून चालू नये. ज्या योजनेत वैयक्तिक सूचना देण्याची सोय असते तिथे मुदत 72 तासांची असते आणि ती सुट्टीच्या दिवशीही सरते.

पुढच्या वर्षासाठी एक गोष्ट रजा संपण्याआधी वडिलांशी बोलून ठरवा. कर्जत-3 सारखे हळवे भात पेरल्यापासून एकशे दहा ते एकशे पंधरा दिवसांत तयार होते. 7 जूनला रोपवाटिका टाकली तर ते सप्टेंबरच्या शेवटी, भर हस्तात पिकते. तुमचे तेच झाले आहे. ज्या दळ्यांत ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ओल टिकते तिथे हळव्याऐवजी एकशे तीस दिवसांचे निमगरवे घेतले तर कापणी दोन-अडीच आठवडे पुढे सरकते. कातळालगतच्या उथळ जमिनीत मात्र हळव्याला पर्याय नाही, तिथे पाऊस लवकर गेला तर निमगरवे पळंजावर जाते, म्हणजे दाणे पोकळ राहतात. आणि यंदाच्या हळव्याचे बियाणे ठेवू नका, निमगरव्यातले ठेवा. तेही मे महिन्यात शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून पाहा. ऐंशीपेक्षा कमी रुजले तर विद्यापीठाचे किंवा महाबीजचे नवे बियाणे आणा.